काका म्हणालो तो हिवाळा

हुरड्याचे दिवस आले की मला लाज वाटते.

दुसऱ्या कुणाला वाटत नसेल. थंडी पडली, ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं की सोलापूरकराच्या तोंडाला पाणी सुटतं. माणसं कुणाच्या ना कुणाच्या रानात जातात, आगटीभोवती बसतात, भाजलेली कणसं तळहातावर चोळतात आणि हिरवे दाणे शेंगांच्या चटणीबरोबर तोंडात टाकतात. परवा सूनबाईंनी माझ्यापुढं वाटी ठेवली. म्हणाल्या, "बाबा, गरम आहे तोवर घ्या. गार झाला की चिवट होतो."

मी नुसती मान हलवली. गार हुरडा किती चिवट होतो हे मला कुणी सांगायला नको. दुष्काळ सरल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे त्र्याहत्तर संपून चौऱ्याहत्तर लागताना खाल्लेला एक घास अजून माझ्या दातांखाली आहे.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून, शुक्रवार पेठेत एक खोली, खोलीत एक कंदील आणि बरीच पुस्तकं. गाव मैंदर्गी, अक्कलकोटच्या पुढं. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ बाजारात. बी.ए. बाहेरून केलं होतं. डोक्यात एकच वेड होतं, आपण लेखक व्हायचं.

कॉलेजात बिडकर सर एम.ए.च्या मुलांना मराठी शिकवत. शिवाय दर शनिवारी दुपारी ते आपल्या हौसेनं एक वर्ग घेत. त्यात शिकवायचं काही नसे. प्रत्येकानं लिहून आणायचं, वाचायचं आणि इतरांनी त्यावर बोलायचं. प्राचार्यांची परवानगी काढली तर बाहेरच्या माणसालाही तिथं बसता येई. तशी परवानगी काढणारा मी एकटाच. सरांनी विचारलंही, "रीतसर एम.ए.च का करत नाहीस?" मी म्हणालो, "सर, रोजच्या तासांना कचेरी सोडणार नाही. आणि मला पदवी नकोय. मला लिहिता यायला हवंय." सर हसले. "मग बस. परीक्षा नाही, हजेरी नाही. फक्त खरं लिही."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही.

गावी वडिलांना, अप्पांना, मी कार्ड टाकलं की शनिवारी कॉलेजात लिहायला शिकतोय. अप्पांनी गावभर सांगितलं, पोरगा एम.ए. करतोय. मी घरी गेलो तेव्हा त्यांना समजावलं की अप्पा, हे एम.ए. नव्हे, मी नुसता बसतो. ते म्हणाले, "शिकतोयस का न्हाय?" मी म्हणालो, शिकतोय. "एम.ए.च्या पोरांसंगं?" हो. "मग झालं की!"

अप्पा पोस्टमन होते. मैंदर्गी आणि आजूबाजूच्या चार वाड्या सायकलवरून करायचे. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं पत्र देऊन त्यांचं काम संपत नसे. कट्ट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मग वाचून दाखवायचं. मराठीतलं पत्र कानडीत सांगायचं, कानडीतलं मराठीत. मजकुरातला शब्द गाळायचा नाही की पदरचा घालायचा नाही, हा त्यांचा नेम. कुणी मेल्याचं कार्ड आलं, तर त्याचा एक कोपरा फाडलेला असे. तसं कार्ड ते पोराबाळांच्या हातात कधी द्यायचे नाहीत. घरातलं मोठं माणूस येईपर्यंत ओसरीवर बसून राहायचे. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून हे सगळं पाहिलेलं.

वर्गात आम्ही दहा-बारा जण होतो. माझ्या बाकावर शेटेबाई बसत. चाळिशीच्या पुढच्या, मुलींच्या शाळेत शिक्षिका, लग्न न केलेल्या; उशिरा एम.ए.ला बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कायम एक डबा असे, त्यात कडक भाकरीचे तुकडे. "घ्या हो, कचेरीतून उपाशीच आला असाल," म्हणून त्या डबा माझ्याकडं सरकवायच्या. खिडकीबाहेर गिरणीचा भोंगा झाला की सर वाक्य तोडून थांबत, आणि तेवढ्या वेळात मी एक तुकडा आवाज न करता संपवायचा प्रयत्न करी. कडक भाकरी आवाज न करता खाणं हे माझ्या त्या काळातल्या लेखनासारखंच अवघड होतं.

कारण माझं लेखन जमत नव्हतं. आपलं मराठी कानडी वळणाचं आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी इतकं शुद्ध लिहायचो की त्याला माणसाचा वास येत नसे. पहाटेवर लिहिलं, तळ्यावर लिहिलं, एकाकीपणावर लिहिलं. सर ऐकून घेत आणि म्हणत, "भाषा स्वच्छ आहे रे. पण या घरात कुणी राहत नाही." वर्ग हसे. शेटेबाई हसत नसत.

मग एका शनिवारी सर म्हणाले, "ज्याचं नाव घेताना तुमचा आवाज बदलतो, अशा एका माणसावर लिहून आणा."

मी अप्पांवर लिहिलं. पहिल्यांदाच हात चालत राहिला. सायकलची घंटी, खाकी थैल्याचा डिंकाचा वास, कट्ट्यावरचं वाचन, दुष्काळात मुंबईला गेलेल्या नवऱ्याचं पत्र येतंय का म्हणून बांधावर येऊन थांबणाऱ्या बाया. सगळं आलं. फक्त शेवट येईना. अप्पा रोज सकाळी निघतात आणि दुपारी परत येतात, याला शेवट कसला?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, कचेरीतल्या टेबलावर, मी त्यांना मारलं. चार ओळींत. रानातल्या वाटेवर सायकल आडवी पडते, थैल्यातली पत्रं शिवारभर उडतात, आणि गावातली माणसं, ज्यांना वाचता येत नाही ती माणसं, एकेक पत्र वेचून, विचारत विचारत घरोघरी पोचवतात. लिहून झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुःखाचा नव्हे. आपल्याला जमलं, या आनंदाचा. आज इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, तर त्या आनंदाची. बाप मेला आणि मी खूश होऊन कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यालो.

शनिवारी वाचलं. संपल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. शेटेबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. मग सरांनी हळू आवाजात विचारलं, "कधी झालं हे?"

इथं मला सांगता आलं असतं. सर, ते झालेलं नाही, शेवट कल्पनेतला आहे. सर रागावलेही नसते. कदाचित म्हणाले असते, छान जमलाय. पण सगळा वर्ग माझ्याकडं असा पाहत होता, जसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी खाली बघून म्हणालो, "गेल्या श्रावणात."

कागदावर लिहिलेलं खोटं नव्हतं असं मी अजूनही म्हणू शकतो. तोंडानं बोललो ते मात्र निव्वळ खोटं होतं.

वर्ग सुटल्यावर शेटेबाई जिन्यात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते." त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. वडील दवाखान्यात, आणि बाई शाळेत पेपर तपासत बसल्या होत्या. निरोप आला होता, पण एवढा गठ्ठा संपवून जाऊ म्हणाल्या. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. "घरच्यांना मी सांगितलं की निरोप उशिरा मिळाला. तो वेळेवर मिळाला होता." मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही होता का हो जवळ?"

मी म्हणालो, "नव्हतो."

"म्हणजे तुम्हाला कळेल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर डब्यात माझ्यासाठी वेगळी पुरचुंडी यायला लागली. शेंगांची चटणी, एकदा तिळाची पोळी. सर मला आधी वाचायला सांगत. मुलं वाट देत. आणि हळूहळू मला त्या दुःखाची सवय झाली. नवा सदरा घातल्यावर चार दिवसांनी तो आपलाच वाटतो, तसं. शनिवारी कॉलेजचा जिना चढताना माझा चेहरा आपोआप गंभीर व्हायचा. त्याच आठवड्यात अप्पांचं कार्ड आलेलं असायचं: ज्वारी बरी आहे, आईचा, अव्वाचा, गुडघा दुखतो, तू दूध घेत जा.

संक्रांत जवळ आली. सिद्धेश्वराची जत्रा, सोलापूरकरांचा गड्डा, भरली, सगळ्या तालुक्यांतून माणसं सोलापुरात उतरायला लागली. अप्पांनी रजा काढली आणि मला न कळवता शनिवारी आले. खोलीला कुलूप दिसल्यावर विचारत विचारत थेट कॉलेजात.

मला आधी आवाज आला. "शिवानंद हितं बसतोय का ओ?"

दारात अप्पा उभे होते. धोतर, पांढरा रुमाल, कपाळावर विभूती, एसटीच्या धुळीनं लालसर झालेला चेहरा, हातात फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. सर म्हणाले, "हो, बसतो की. आपण कोण?"

अप्पांनी तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. "माझे काका आहेत सर. गावाहून आलेत."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. किती वेळ? एखादा श्वास घेऊन सोडावा इतका. मग त्यांनी सरांना हात जोडले. "व्हय. काका."

त्यांना आत बोलावलं, पुढच्या बाकावर बसवलं. गाठोडं सुटलं. त्यात हुरडा होता, पहाटे कुणाच्या तरी रानात भाजून, चोळून, पाखडून आणलेला. "एम.ए.च्या पोरांसाटी," अप्पा म्हणाले. "गार झालाय. चिवट लागंल." सगळ्यांनी मूठमूठ घेतला. वर्गभर चावण्याचे आवाज.

आणि शेटेबाई उठून अप्पांजवळ गेल्या. वाकून म्हणाल्या, "काका, फार वाईट झालं हो तुमच्या भावाचं. शिवानंदनी इतकं सुंदर लिहिलंय त्यांच्यावर, आम्ही सगळे रडलो."

"भावाचं?" अप्पा म्हणाले.

"पोस्टमन होते ना ते."

माझ्या कानात गिरणीचा भोंगा वाजायला लागला. तो बाहेर वाजतच नव्हता. अप्पांनी एकदा बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पत्राचा कोपरा फाटलेला दिसला की त्यांचा चेहरा व्हायचा, तसा झाला. मग ते म्हणाले, "व्हय. पोस्टमन व्हता."

सरांना काय वाटलं कोण जाणे. ते म्हणाले, "शिवानंद, वही आहे ना? वाच एकदा. काकांना ऐकू दे."

मी वाचलं. दुसरं काय करणार होतो? बापाच्या समोर उभं राहून बापाचं मरण वाचलं. तोंडात हुरड्याचा घास होता, तो गिळता येईना आणि टाकताही येईना. गालात धरूनच वाचत राहिलो. एकदाही मान वर केली नाही. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांना कुणी वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ असावी.

संपलं. सरांनी विचारलं, "कसं वाटलं, काका?"

"छलो ऐति," अप्पा कानडीत म्हणून गेले, मग मराठीत म्हणाले, "चांगलं हाय. तेवढं एक चुकलंय बगा. त्यो थैला डाव्या खांद्याला न्हवता लावत. उजव्या लावायचा. डाव्या बाजूनं सायकलीवर बसायचं असतंय की."

सरांनी माझ्या वहीत पेन्सिलीनं दुरुस्ती केली.

आम्ही दोघं गड्ड्यावर गेलो. तळ्याच्या काठानं पाळणे फिरत होते, पिपाण्या वाजत होत्या, भज्यांचा धूर डोळ्यांत जात होता. अप्पांनी देवाला हात जोडले, अव्वासाठी हळदी-कुंकवाची पुडी घेतली. मी मागं मागं चालत होतो. शेवटी तळ्याच्या पायऱ्यांवर ते बसले आणि त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली.

मी सुरुवात केली, "अप्पा, ते गोष्टीत तसं शेवट म्हणून..."

"गोष्टीत मारलंस, त्याचं काय न्हाय तम्मा," ते म्हणाले. तम्मा म्हणजे बाळा. मी मोठा झाल्यापासून त्यांनी मला तशी हाक मारली नव्हती. "गोष्टीत माणूस मरतंय की. पर दारात काका म्हणालास, तवा मला वाटलं, माजी लाज वाटली तुला. ह्यो धोतरवाला, कानडी बोलणारा, ह्याला बाप कसं म्हणावं! लई लागलं बग. मग बाईनं सांगितलं की मी मेलोय. तवा जरा बरं वाटलं. म्हटलं, लाज न्हवती ती. अडचण व्हती."

ते खरंच हसले. मी हसू शकलो नाही. कारण त्या दारात दोन्ही होतं. अडचण होती, आणि ती नसती तरी धोतराकडं, विभूतीकडं, त्या 'हितं'कडं पाहून माझा जीव आक्रसला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतरही कधी नाही.

"एक काम कर," उठताना ते म्हणाले. "त्या बाईला खरं सांग. ती माज्यासाटी रडली. माणूस जिवंत असताना त्याचं रडू घिऊन ठिवू नये. परत देऊन टाक."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी वर्गाला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कचेरीत काम वाढलंय असं मी स्वतःलाच सांगत राहिलो. माझं नाव कुठल्याच पटावर नव्हतं, त्यामुळं ते काढायची गरज पडली नाही. पदवी घ्यायची असती तर परीक्षेला तरी तोंड दाखवावं लागलं असतं. मी नुसता बसणारा होतो. उठून गेलो, संपलं. एकदा शेटेबाई शुक्रवार पेठेत माझ्या गल्लीच्या तोंडाशी कुणाला तरी पत्ता विचारताना दिसल्या. हातात तीच पिशवी होती. मी एका किराणा दुकानात शिरलो आणि त्या जाईपर्यंत नको असलेल्या साबणाचा भाव करत उभा राहिलो.

लेख कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. सरांनी वर एक ओळ घातली होती, 'लेखकाच्या दिवंगत पित्याच्या स्मृतीस'. माझा कायमचा पत्ता मैंदर्गीचा, म्हणून अंक तिकडं गेला आणि तो अप्पांनी स्वतःच स्वतःला पोचवला. पुढं मी गावी गेलो तर कट्ट्यावरची माणसं मला पाहून हसायला लागली. अप्पांनी अख्खा लेख सगळ्यांना वाचून दाखवला होता. वरच्या ओळीसकट, शेवटासकट, एक शब्द न गाळता. "सोताच्या मरणाला कसा गळा काढून वाचला तुज्या बापानं!" एक म्हातारा म्हणाला. अप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "सांगितलंस त्या बाईला?"

मी हो म्हणालो. हे तिसरं खोटं.

त्यानंतर मी लिहिलं नाही. लोकांना वाटतं, नोकरी, संसार, वेळ मिळाला नसेल. वेळ पुष्कळ होता. कागद पुढं घेतला की मला भीती वाटायची ती न जमण्याची नव्हे, जमण्याची. पुन्हा तो काटा अंगावर येईल, पुन्हा आपण कुणाचं तरी काहीतरी घेऊन बसू, आणि वर चहा पिऊ. खरे लेखक हे कसं निभावतात मला ठाऊक नाही. त्यांच्यात आणि माझ्यात प्रतिभेचा फरक असेलच. पण ते बहुधा दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नात्यानं हाक मारत असावेत.

अप्पा निवृत्त झाले आणि त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी गेले. अंथरुणात, दुपारी, अव्वाशी बोलता बोलता. मी सोलापुरात होतो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नातेवाइकांना कार्डं लिहायला बसलो, एकेकाचा कोपरा फाडत गेलो. हाताला लागलेल्या कार्डावर एकदा शेटेबाईंचं नाव लिहिलं, आणि थांबलो. काय कळवणार? माझे वडील वारले म्हणून? त्यांनी ते पूर्वीच ऐकलं होतं. त्यांचं सांत्वन मी केव्हाच खाऊन बसलो होतो. ते कार्ड मी चुलीत टाकलं.

नंतरच्या वर्षी त्या मला भेटल्या. शुक्रवार पेठेतल्याच एका औषधाच्या दुकानात, सकाळी, रांगेत माझ्या पुढं. केस पांढरे, पाठ किंचित वाकलेली. आता पळायला जागा नव्हती आणि मला पळायचंही नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, शिवानंद! किती शोधलं हो तुम्हाला. लिहिता की नाही?"

मी दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते काका नव्हते, वडील होते. लेख लिहिला तेव्हा जिवंत होते. मी जिन्यात तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला खरं सांग म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

त्या ऐकत होत्या. औषधाची पुडी त्यांनी पिशवीत टाकली, ती नीट बसली का पाहिलं, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला माझं सांगितलं होतं. ते मी अजूनही दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही."

मी पायरीवरून बाजूला झालो, मागच्या माणसाला वाट दिली.

मग त्यांनी विचारलं, "आता कसे आहेत वडील?"

"नाहीत," मी म्हणालो. "गेल्या वर्षी गेले."

त्यांनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. शिक्षिका उत्तरपत्रिकेकडं बघते तसं, शांतपणे, ओळ न् ओळ.

"खरंच?" त्या म्हणाल्या.